वर्तणूक : चांगली

'वर्गात फार बोलतो. पालकांनी लक्ष द्यावे.' शाळेच्या डायरीतला लाल पेनाचा हा शेरा दप्तरात बसून घरी निघतो, आणि तो पोचवायची जबाबदारी कुणाकडे असते, तर ज्याच्याविरुद्ध तो लिहिला आहे त्याच्याकडे. कोर्टानं आरोपीच्याच हातात समन्स द्यावं आणि 'जाता जाता स्वतःवर बजावून टाक' म्हणावं, तसा हा प्रकार. शाळेनं आणि घरानं मिळून मुलाला वळण लावायचं असं सगळ्यांचं एकमत आहे. फक्त दोघांमधला एकमेव दूत तोच मुलगा आहे, आणि त्याचं मत कुणी विचारलेलं नाही.

चौथीतला बऱ्यापैकी हुशार मुलगा हे काम कसं पार पाडतो ते बघण्यासारखं असतं. तो डायरी लपवत नाही. लपवणं हे पहिली-दुसरीतल्या नवशिक्यांचं काम. चौथीतला मुलगा वेळ निवडतो. आईच्या हातात लाटणं आहे, तव्यावरची पोळी फुगली आहे, कुकरची तिसरी शिट्टी होऊन गेल्याची शंका आहे आणि खालून वॉचमनचा इंटरकॉम वाजतो आहे, अशा मुहूर्तावर डायरी ओट्याशी येते. पेनाचं टोपण आधीच काढलेलं असतं. "आई, इथे सही." पहिली सही सहलीच्या संमतीपत्रावर. दुसरी स्नेहसंमेलनाच्या ड्रेसच्या पैशांवर. तिसरी ओघात. पिठाचं बोट कागदावर उमटतं, आणि शेरा पालकांच्या नजरेखालून रीतसर गेलेला ठरतो.

घरात निवृत्त आजोबा असतील तर एवढी योजनाही लागत नाही. आजोबांची सही सरकारी नोकरीत घडलेली असते. समोर आलेला कागद न वाचता सही करून पुढे सरकवायचा, ही सवय निवृत्तीनंतरही जात नाही. शिवाय चष्मा शोधण्यापेक्षा सही सोपी.

दुसऱ्या दिवशी बाई सही पाहतात आणि समाधान पावतात. घरी कळलं आहे, घरचे बोलले असतील, आता फरक पडेल. इकडे घरी कुणालाच काही कळलेलं नसतं. या व्यवस्थेवर दोन-तीन महिने सुखात जातात आणि मग ओपन हाऊस येतं.

ओपन हाऊस म्हणजे मुलांच्या बाकांवर मोठ्या माणसांनी बसायचा दिवस. गुडघे हनुवटीला टेकवून बसलेल्या बाबांना तिथं थोडा वेळ आपणच चौथीत असल्यासारखं वाटतं, आणि आवाजही आपोआप तसाच निघतो. बाई सांगतात, "हुशार आहे हो, पण तोंड बंद नसतं." आई चकित. "बाई, घरी तर हा एक शब्द बोलत नाही. शाळेत काय झालं विचारलं तर 'काही नाही'. डब्यात काय उरलं विचारलं तर 'काही नाही'. आम्हाला वाटत होतं, हा जरा अबोलच आहे." आता चकित व्हायची पाळी बाईंची. एकमेकींकडे बघत दोघी हसतात. परत जाताना आईच्या मनात येतं, बाईंना वर्ग सांभाळता येत नाही आणि बोट आमच्याकडे. बाईंच्या मनात येतं, घरी लक्ष नाही आणि वर मुलगा अबोल म्हणे.

वास्तविक दोघी खरं बोलत असतात. १९८७ साली थॉमस आखेनबाख या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं दोन सहकाऱ्यांबरोबर ११९ अभ्यास एकत्र करून एक हिशेब मांडला. मुलांच्या वागण्यातल्या आणि भावनिक अडचणींबद्दल वेगवेगळी मोठी माणसं जे सांगतात, ते एकमेकांशी कितपत जुळतं? पूर्ण जुळलं तर १, काहीच जुळलं नाही तर ०. मुलाला एकाच जागी पाहणाऱ्यांचं, म्हणजे उदाहरणार्थ आई आणि वडील यांचं, सरासरी ०.६० च्या आसपास जुळलं. (नवरा-बायकोचं यापेक्षा जास्त जुळावं अशी अपेक्षा संसार केलेला माणूस ठेवणार नाही.) पालक आणि शिक्षक यांच्यासारख्या वेगवेगळ्या ठिकाणी मुलाला पाहणाऱ्यांचं जुळलं जेमतेम ०.२८. आणि मूल स्वतःबद्दल जे सांगतं ते मोठ्यांच्या सांगण्याशी जुळलं ०.२२. म्हणजे ओट्याशी डायरी घेऊन आलेला चौथीतला मुलगा 'मी काही केलं नाही' म्हणतो, तेव्हा तो जागतिक सरासरी राखून असतो. संशोधकांचा निष्कर्ष असा की यात कुणी खोटं बोलतं असं नाही. मूलच घरी एक असतं आणि वर्गात दुसरं.

याचं कारण शोधायला संशोधन लागत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक वर्गांत ३० मुलांमागे एक शिक्षक हवा, सहावी ते आठवीत ३५ मुलांमागे एक. शहरातल्या पुष्कळ वर्गांत मुलं याहून जास्तच असतात. आता घर बघा. दोन खोल्या, एक मूल, चार मोठी माणसं आणि त्या चौघांच्या हातांत चार मोबाइल. बोलणार कुणाशी? मुलगा बोलायचं सगळं साठवून शाळेत नेतो, कारण माणसं तिथं आहेत.

ओपन हाऊसमधली आणखी एक गोष्ट कुणी लिहून ठेवत नाही. बाई आणि आई बोलत असताना मागे पुढच्या मुलाचे पालक उभे असतात आणि भिंतीवरचा जलचक्राचा तक्ता विलक्षण एकाग्रतेनं वाचत असतात. तक्त्यात ढगापासून पावसापर्यंत काही नवीन नसतं. सगळं लक्ष कानात. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या बी विंगमध्ये कळतं की जोशांच्या मुलाला बाकावरून उठवून पहिल्या रांगेत बसवलंय.

गंमत म्हणजे चार लोकांच्या देखत मुलाबद्दल बोलायची ही पद्धत एका मोठ्या माणसानं मुद्दाम वापरली होती. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलर. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नामध्ये शाळांच्या सुधारणेचं वारं होतं, तेव्हा त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथल्या शाळांशी जोडलेली सल्ला केंद्रं चालवली. त्रास देणाऱ्या मुलाची हकिकत शिक्षक मांडायचे. मग आईशी बोलणं, मग मुलाला आत बोलावून त्याच्याशी बोलणं, आणि हे सगळं समोर बसलेल्या इतर शिक्षकांच्या देखत. ऐकणाऱ्यांनाही आपापल्या वर्गातलं मूल त्यात दिसावं हा उद्देश. मुलाच्या त्रासदायक वागण्यालाही काहीतरी हेतू असतो, तो शोधा, असं अ‍ॅडलरचं म्हणणं. १९३४ मध्ये ऑस्ट्रियातली राजवट बदलली आणि केंद्रं बंद पडली. त्याचा शिष्य रुडॉल्फ ड्रायकर्स पुढे ही पद्धत शिकागोला घेऊन गेला आणि त्यानं वाकडं वागण्याचे चार हेतू सांगितले : लक्ष वेधून घेणं, आपलंच खरं करणं, सूड उगवणं आणि 'मला जमणारच नाही' म्हणून हात टेकणं.

चार वेगळी दुखणी म्हटल्यावर चार वेगळे उपाय आले. आपल्याकडे मात्र सगळ्यांवर एकच निदान होतं : आजीचे लाड. उपायही एकच. आजीला थोडे दिवस गावी पाठवणं.

आजोबांचं मत विचारलं तर ते म्हणतात, आमच्या वेळी असं नव्हतं. हे मात्र अगदी बरोबर. आजोबांच्या वेळी शाळा आणि घर यांचं सहकार्य परिपूर्ण होतं. वडील मुलाला शाळेत घालताना मास्तरांना सांगत, 'मारा, फक्त डोळे आणि हाडं शाबूत ठेवा.' पालक आणि शिक्षक यांच्यातला करार एवढाच, आणि दोन्ही पक्ष तो निष्ठेनं पाळत. कोंबडा, अंगठे धरणं, बाकावर उभं राहणं, हातावर पट्टी आणि तीही उभी. मुलगा घरी तक्रार करत नसे. मास्तरांनी मारलं हे घरी कळलं की दुसरा हप्ता घरी मिळे, 'मास्तरांना मारायची वेळ का आणलीस' म्हणून. १९५३ साली आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई' या चित्रपटात छडीवर एक अख्खं गाणं आलं. चित्रपटाला पुढच्या वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, आणि ज्यांनी छड्या खाल्ल्या ती माणसं ते गाणं आजही प्रेमानं गुणगुणतात. त्यावेळचा मार किती छान होता, असं मार थांबून चाळीस वर्षं झाली की वाटायला लागतं.

शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली. कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी, त्यामुळे मुलांचा पहिल्या दिवशी विश्वास बसला नसेल तर त्यांचा दोष नाही. बंदी योग्यच होती आणि उशिरा आली. पण पट्टी हातातून गेल्यावर वर्गात पंचेचाळीस मुलं घेऊन उभ्या असलेल्या बाईंच्या हातात उरला तो लाल पेन. पट्टीऐवजी काय करायचं हे शिकवायचं कुणाला फारसं सुचलं नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि पेनाला भरपूर काम मिळालं. मुलाला नुसते गुण द्यायचे नाहीत, त्याचं वर्णन करायचं. प्रगतिपुस्तकात रकाने आले : विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक, व्यक्तिमत्त्व गुणविशेष. कल्पना सुंदर. बाईंनी मुलाकडे नीट बघावं आणि जे दिसलं ते घरी कळवावं. पण वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी, प्रत्येक विषयात, प्रत्येक सत्रात निराळं वर्णन लिहायला कालिदास लागतो, आणि कालिदासालाही जनगणनेची ड्यूटी लागली तर तो मेघदूत अर्धवट टाकेल. तेव्हा तयार नोंदींच्या याद्या निघाल्या, पुस्तिका निघाल्या, पीडीएफ फिरल्या. पाहिजे ती नोंद उचलायची आणि चिकटवायची. मग हजेरीपटावरची पहिली दहा मुलं 'इतरांना मदत करतात', पुढची दहा 'नीटनेटकी राहतात', आणि ज्यानं मधल्या सुट्टीत शेजाऱ्याचा दंड चावला त्याच्या पुस्तकात येतं : 'मित्रांमध्ये मिळूनमिसळून वागतो.' घरी आजी हे मोठ्यानं वाचून दाखवते आणि नातवाच्या डोक्यावरून हात फिरवते. दंडाचा धनी ज्या घरी राहतो तिथं त्याच वेळी हळद लावणं चाललेलं असतं.

या सगळ्यावर कळस म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. त्यात 'अभ्यासातील प्रगती' असा एक रकाना असतो आणि 'वर्तणूक' असा दुसरा. प्रगती कुणाची समाधानकारक, कुणाची बरी. वर्तणूक मात्र चांगली. दहा वर्षं दर आठवड्याला डायरीत शेरा खाल्लेला मुलगा असो, की मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर ज्याची जागा ठरलेली होती तो असो, निरोपाच्या दिवशी निळ्या शाईत एकच शब्द. पुढे ज्यांची नावं वेगळ्याच रजिस्टरांत गेली त्यांचेही दाखले काढून पाहिले, तर वर्तणूक चांगलीच निघायची शक्यता दांडगी. शाळेला दोष देता येत नाही. कागद पुढच्या शाळेत दाखवायचा असतो, आणि मुलगा एकदाचा जाणार असेल तर त्याच्या वाटेत शब्द कशाला आडवा घाला.

आपला देश समित्यांचा असल्यामुळे या प्रश्नावरही समित्या आहेत. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत असं सांगितलं, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शिवाय पालक-शिक्षक संघ. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानुसार या संघाच्या कार्यकारी समितीवर इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून निवड करायची. व्यवहारात पुष्कळदा चिठ्ठ्यांपेक्षा जागा जास्त निघतात आणि चहा घ्यायला थांबलेला माणूस सदस्य होऊन घरी जातो.

सभेला विषय असतात : गळकं छत, पिण्याच्या पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, पोषण आहारातली खिचडी, बसची फी. विषय क्रमांक आठ, 'विद्यार्थ्यांची वर्तणूक'. सातव्याला साडेबारा होतात. आणि आठव्यापर्यंत बसून राहिलेले पालक कोण? ज्यांच्या मुलांची अक्षरं मोत्यासारखी आणि वह्यांना कव्हरं आहेत ते. बाईंना ज्यांच्याशी बोलायचं असतं ते आलेलेच नसतात. स्टाफरूममध्ये याला 'पालकांची उदासीनता' म्हणतात. शनिवारी सकाळी अकराला सभा ठेवली की धुणीभांडी करणारी आई चार घरांचं काम सोडून येईल, रिक्षावाला बाप सकाळचा धंदा सोडून येईल, नाक्यावर उभा राहणारा मजूर दिवसाची मजुरी सोडून येईल, हे गृहीत धरणाऱ्याच्या हिशेबात काहीतरी चुकतंय. तीच सभा संध्याकाळी सातला ठेवून पाहा म्हटलं की शाळेच्या शिपायाची उदासीनता सुरू होते.

सही घेतली की सहकार्य झालं, हा समज काही फक्त आपला नाही. इंग्लंडनं १९९८ च्या कायद्यानं शाळांना 'गृह-शाळा करार' सक्तीचा केला. शाळा काय करेल, पालक काय करतील, मुलाकडून काय अपेक्षा, हे सगळं कागदावर आणि खाली पालकांना सहीची विनंती. १९९९ पासून हे कागद घरोघर गेले. २०१६ च्या जानेवारीत ती सक्ती उठली. मधल्या काळात तिथल्या ओट्यांवर काय घडत होतं याची कल्पना करायला पोळी-लाटण्याचीसुद्धा गरज नाही.

आता डायरीची जागा व्हॉट्सअ‍ॅपनं घेतली आहे. 'इयत्ता ४ थी ब पालक' या ग्रुपवर सकाळी सातला फुलांसकट सुप्रभात, साडेसातला 'आज कुठल्या रंगाचे मोजे?', आणि रात्री साडेदहाला 'उद्यासाठी थर्माकोल आणायचं होतं का?' एका दिवशी कुणीतरी लिहितं, 'काही मुलांमुळे आमच्या मुलीला वर्गात त्रास होतो.' नाव नाही. दोन मिनिटांत तीन पालक आपल्या मुलाचं नाव घेऊन खुलासा देतात, म्हणजे नावं कळतातच. एक बाबा कायद्याचं कलम टाकतात. एक काका, जे मुळात या वर्गाचे पालकच नाहीत, गीतेचा संदेश टाकतात. मग बाई ग्रुपला कुलूप लावतात आणि यापुढे फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतात. संवाद पुन्हा एकेरी, डायरीच्या काळासारखाच. फरक इतकाच की आता सहीसुद्धा लागत नाही, दोन निळ्या टिका पुरतात.

आता जमलेल्या एका गोष्टीबद्दल. अमेरिकेत कॅन्सस राज्यात 'अचीव्हमेंट प्लेस' नावाचं एक घर होतं. उपद्व्याप करून कोर्टामार्फत आलेली काही मुलं तिथं एका जोडप्याच्या देखरेखीत राहत आणि शाळेत जात. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांच्यावर साधा प्रयोग केलेला दिसतो. मुलानं रोज एक कार्ड शाळेत न्यायचं. त्यावर शिक्षकांनी दोनच प्रश्नांना हो किंवा नाही करायचं : पूर्ण तास अभ्यास केला का, वर्गाचे नियम पाळले का. सगळे 'हो' आले तर त्या दिवशी घरी सवलती मिळणार. एक 'नाही' आला की त्या दिवसापुरत्या सगळ्या बंद. वर्गातलं वागणं सुधारलं. पुढे कार्ड रोज लागेनासं झालं, आठवड्यातून दोनदा पुरलं.

यात निबंध नाही, लाल पेन नाही, 'लक्ष द्यावे' नाही. दूत इथंही मुलगाच, पण कार्ड घरी पोचवण्यात त्याचा फायदा. आणि बाईंना आठ सेकंदांचं काम.

हेच कार्ड मराठी घरात आणलं की काय होतं ते सांगायला हवं. आयटीतले बाबा पहिल्याच रात्री एक्सेल उघडतात. दोन प्रश्नांचे अकरा होतात. अभ्यास, नियम, अक्षर, दूध संपवलं का, रामरक्षा म्हटली का, बूट जागेवर ठेवले का. लाल-पिवळे-हिरवे रंग भरले जातात, आणि शेवटी एक भारांकित सरासरी. बाई ते कार्ड पाहून क्षणभर डोळे मिटतात. घरी दुसरी आघाडी आई उघडते. "बक्षीस देऊन वागायला शिकवायचं? ही लाच झाली." हे तिनं ऐकवलेलं असतं अशा माणसाला, जो दिवाळी बोनस किती टक्के येणार यावर गेला आठवडाभर घरात बोलत होता. तिसरी आघाडी आजीची. दुपारी एकला मुलगा घरी येतो, कार्डावर एक 'नाही' असतो, म्हणजे संध्याकाळचं कार्टून बंद. आई-बाबा सातला यायचे असतात. एक ते सातमध्ये आजीचं राज्य. "लेकराचं तोंड किती सुकलंय." रिमोट आजीच्या पदराखालून निघतो. कॅन्ससमधल्या संशोधकांनी सगळा विचार केला होता, पण त्यांच्या घरात आजी नव्हती.

तरीही ज्या घरांत कार्डावर दोनच प्रश्न राहतात आणि आजीला आधी विश्वासात घेतलं जातं, तिथं ते चालतं. आजीला कार्डाची राखणदार करावं हे उत्तम. घरातली सगळ्यात कडक शिस्त तिनं आपल्या मुलांवर चालवलेलीच असते, नातवाच्या बाबतीत तेवढी ती रजेवर असते.

काही वेळा मात्र दुखणं मुलात नसतंच, आणि कार्ड कितीही छान असलं तरी उपयोग नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू केलं. मुलं शाळेत टिकत नव्हती. कुठल्याही कचेरीनं 'आळशी', 'शिक्षणाची आवड नाही' असं लिहून मोकळं व्हावं अशी स्थिती. या बायका घरी जाऊन बघत. मोठी मुलं गुरांमागे गेलेली, मुलींच्या कडेवर धाकटी भावंडं. मग गुरं जिथं चरतात तिथंच कुरणशाळा भरली. आणि पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका जागी आणून विकासवाडी झाली, म्हणजे ताईनं धाकट्याला पाळणाघरात सोडावं आणि शेजारच्या वर्गात बसावं. मुलीच्या वागण्यात सुधारणा करायची गरजच नव्हती. ती आधीपासून घरातली सगळ्यात जबाबदार व्यक्ती होती.

शहरी आवृत्तीही आहे. पहिल्या तासाला डुलक्या खाणाऱ्या मुलांवरून शाळा घराला आणि घर शाळेला वर्षानुवर्षं बोलत आलं. शाळा म्हणे, रात्री मोबाइल देता. घर म्हणे, पहाटे सहाला बस येते. २०२३ च्या डिसेंबरमध्ये त्या वेळचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विषय काढला. ८ फेब्रुवारी २०२४ ला शासन निर्णय निघाला, की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मुलांच्या झोपेसाठी काढलेल्या निर्णयानं बसवाल्यांची झोप उडाली, नोकरदार पालकांची उडाली, दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांची तर फारच. आता पालकांचं गाऱ्हाणं असं की नऊची शाळा म्हटल्यावर चिरंजीव रात्री साडेअकरापर्यंत जागतात. बाबांबरोबर मॅच बघत.

घरी जाऊन बघण्याची ताराबाईंची रीत जपानमध्ये शाळेच्या वेळापत्रकातच बसवली होती. एप्रिलमध्ये शाळा सुरू झाली की वर्गशिक्षक थोड्या दिवसांत सगळ्या मुलांच्या घरी जाऊन येत, शहाण्याच्याही आणि उपद्व्यापी मुलाच्याही. अलीकडे तिथंही हे कमी होत चाललं आहे. आपल्याकडे शिक्षक घरी आले तर अडचण वेगळीच. जिल्हा परिषदेच्या शाळेचे गुरुजी दारात दिसले की घरातून पहिला प्रश्न येतो, "यादीतून नाव उडालं का?" कारण गुरुजी म्हणजे बीएलओ. मतदार यादी, जनगणना, सर्वेक्षण, शाळाबाह्य मुलांचा शोध, एवढ्या कामांसाठी ते याच दारात येऊन गेलेले असतात. मुलाबद्दल बोलायला आलोय म्हटल्यावर घरच्यांना आधी हायसं वाटतं, मग धास्ती वाटते, आणि मग पोहे टाकले जातात.

पोहे होईपर्यंत गुरुजींना जे दिसतं ते कुठल्या रकान्यात मावत नाही. वर्गात ज्याला पाच मिनिटं स्थिर बसवत नाही तो पोरगा उंबऱ्यात मांडी घालून आजीबरोबर मेथी निवडत असतो. पानं एका बाजूला, देठं दुसऱ्या, पिवळं पान तिसरीकडे. अर्धा तास. मध्ये एकदाही उठत नाही. आजी म्हणते, "त्याच्या हाताला काम असलं की तो शहाणाच." शेरे लिहून जे कळलं नव्हतं ते पोह्यांवर लिंबू पिळेपर्यंत कळतं. सोमवारपासून वर्गातल्या वह्या वाटायचं आणि खडू-डस्टरचं काम त्याच्याकडे. तो शांत होतो असं नाही. पण त्याचं उठणं-फिरणं आता ड्यूटीत मोजलं जातं.

काही शाळांतल्या बाईंनी याहून स्वस्त उपाय काढलाय. काही बरं घडलं तरी घरी फोन करायचा. पण शाळेचा नंबर स्क्रीनवर दिसला की आईचा हात कपाळावर जातो, इतकी वर्षांची सवय आहे. असाच एका संध्याकाळी एका घरी फोन वाजला.

"हॅलो, मी शाळेतून बोलतेय..."

"काय केलं त्यानं?"

"नाही हो, काही नाही केलं. म्हणजे चांगलंच केलं. आज मैदानावर एक मुलगा पडला, तर यानं स्वतःहून धावत जाऊन त्याला पाणी आणून दिलं, हात धरून ऑफिसात घेऊन आला. मला आवडलं, म्हटलं तुम्हाला कळवावं."

पलीकडे आईनं गॅस बारीक केला.

"बाई, पण त्याला पाडलं कुणी होतं?"

बाईंनी तेही पाहिलं होतं. पाडणारा दुसराच होता, आणि त्याच्या घरचा फोन यानंतरचा होता.